ज्युनिअर कॉलेज म्हणजे कॉलेज नव्हे

अकरावीला कॉमर्समध्ये मॅथ्स घ्यायचं की एसपी (सेक्रेटेरियल प्रॅक्टिस), हा प्रश्न आमच्या साताऱ्यात खेळणाऱ्या पोरांना पडतच नाही. सगळे एसपी घेतात. मी मॅथ्स घेतलं ते हुशार होते म्हणून नाही. फॉर्म भरायच्या दिवशी पुण्याची एक सीनियर धावपटू फोनवर होती. ती तेव्हा अमेरिकेत शिकत होती. ती एवढंच म्हणाली, "गणित सोडू नकोस, मग सांगते का ते." ते 'मग' दीड वर्षांनी आलं.

मी पंधराशे आणि पाच हजार मीटर पळते. सध्या अमेरिकेतल्या मिडवेस्टमधल्या एका विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला आहे. संघ एनसीएएच्या डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या गटात खेळतो. एनसीएए म्हणजे तिथल्या कॉलेज खेळांची सर्वोच्च संघटना, मुख्यालय इंडियानापोलिसला. उंच उडीतला आपला तेजस्विन शंकर कॅन्सस स्टेटकडून खेळायचा आणि २०१८ ला एनसीएएचा विजेता झाला, तेव्हापासून हे नाव आपल्याकडच्या मैदानांवर ऐकू यायला लागलं. मला मात्र तोवर ललिता बाबरच माहीत होत्या. माणमधल्या मोहीच्या ललिताताई रिओ ऑलिम्पिकमध्ये स्टीपलचेसच्या फायनलला गेल्या, तेव्हा मी पाचवी-सहावीत होते. यवतेश्वरच्या घाटात सरांच्या मागे पळताना अमेरिका वगैरे काही डोक्यात नव्हतं.

बारावीच्या दिवाळीत त्या सीनियरने माझ्या वेळा आणि बालेवाडीच्या एका शर्यतीचा व्हिडिओ तिथल्या एका कोचला पाठवला. त्यांचा ईमेल आला. वेळा आवडल्या होत्या, स्कॉलरशिपचं बोलणं होतं आणि शेवटच्या ओळीत होतं की तुझी शैक्षणिक पात्रता तपासावी लागेल, एनसीएएच्या एलिजिबिलिटी सेंटरला नोंदणी कर. आम्हाला वाटलं, दहावी-बारावीच्या मार्कलिस्टा स्कॅन करून पाठवल्या की झालं. पप्पा पोस्टात आहेत. कागदपत्रं म्हटल्यावर ते कधी घाबरत नाहीत. यावेळी घाबरले.

नियम असा. नववीपासून बारावीपर्यंतच्या चार वर्षांत मिळून सोळा 'कोअर' विषय पास झालेले हवेत. त्यात इंग्रजीचे चार, गणिताचे तीन, विज्ञानाचे दोन, सामाजिक शास्त्रांचे दोन आणि उरलेले ठरलेल्या गटांतून. त्या सोळांची सरासरी चारपैकी किमान २.३. भारतातल्या टक्क्यांसाठी त्यांचं वेगळं कोष्टक असतं, अमेरिकन शाळेच्या मापाने आपले मार्क मोजत नाहीत. सॅट या प्रवेश परीक्षेची अट जानेवारी २०२३ मध्ये कायमची गेली, ते एक ओझं उतरलं. पण गणिताचे तीन म्हणजे नववी, दहावी आणि अकरावी. अकरावीला एसपी घेतलं असतं तर माझी गाडी दोनवरच थांबली असती. बुक-कीपिंग आणि ओसी (ऑर्गनायझेशन ऑफ कॉमर्स) हे तर त्यांच्या लेखी कोअरमध्ये बसतच नाहीत. अर्थशास्त्र बसतं. म्हणजे कॉमर्सचे जे विषय घरच्यांना 'उपयोगाचे' वाटतात नेमके तेच बाद.

आता आमची बॅच कोणती ते सांगते, कारण पुढचा निम्मा घोळ त्यातूनच झाला. मी २०२१ ची दहावी. आमची बोर्डाची परीक्षा झालीच नाही. निकाल लागला तो असा: निम्मे मार्क नववीच्या निकालावरून, उरलेले दहावीच्या वर्गातल्या चाचण्या आणि तोंडी-प्रात्यक्षिकांवरून. राज्याचा निकाल ९९.९५ टक्के लागला आणि सगळ्यांनी आमची टिंगल केली. पण आमची नववी तरी कुठे पुरी झाली होती? एप्रिल २०२० मध्ये नववीची दुसऱ्या सत्राची परीक्षा लॉकडाऊनमुळे रद्द झाली होती आणि पहिल्या सत्रावर आम्हाला वर ढकललं होतं. म्हणजे ऑक्टोबर २०१९ च्या एका सहामाहीवर माझी नववी उभी, नववीवर निम्मी दहावी उभी. आणि त्या सहामाहीच्या आदल्या दिवशी मी कोल्हापूरला विभागीय शालेय स्पर्धेत पळत होते. रात्री दीडला साताऱ्याच्या स्टँडवर उतरले आणि सकाळी बीजगणिताचा पेपर दिला. चाळीसपैकी सोळा. तेव्हा गुरव बाईंनी, म्हणजे आमच्या वर्गशिक्षिकांनी (नाव बदललंय), पाठीवर हात ठेवला. "असू दे गं, सहामाहीच आहे."

तर हे सोळा मार्क अमेरिकेला समजावून सांगायचे होते.

पहिला प्रश्न नववीचं प्रगतिपुस्तक आहे कुठे हा. दहावीचं आणि बारावीचं सर्टिफिकेट लोक लॅमिनेट करतात, नववीच्या प्रगतिपुस्तकावर कुणी वहीचं कव्हरसुद्धा घालत नाही. आईला ते पिठाच्या डब्यांच्या फळीवर, कागदाच्या खाली अंथरलेलं सापडलं. एका कोपऱ्यावर तेलाचा डाग. मराठीत, हाताने भरलेलं. शेऱ्याच्या रकान्यात: 'खेळात उत्तम. अभ्यासाकडे लक्ष हवे.' मूळ भाषेतली प्रत आणि तिचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर, दोन्ही लागणार होतं. पुण्यात भाषांतर करून देणाऱ्या बाईंना मी हळूच म्हटलं, शेरा सोडला तर चालेल का. त्या म्हणाल्या, "बाळ, प्रमाणित म्हणजे शाईचा डागसुद्धा सोडायचा नसतो." त्यांनी खरंच कंसात लिहिलं होतं की वर उजव्या कोपऱ्यात डाग आहे, मजकूर वाचनीय आहे.

मग नाव. बोर्डाच्या मार्कलिस्टवर आडनाव आधी, मग माझं नाव, मग पप्पांचं. आईचं नाव वेगळ्या ओळीत. प्रगतिपुस्तकावर माझं नाव आधी. पासपोर्टवर तिसरीच तऱ्हा. नोंदणी करताना मी मार्कलिस्ट समोर ठेवून टाइप केलं आणि त्यांच्या दप्तरी आमचं आडनाव हे माझं नाव झालं. आजही काही ईमेल आडनावाने सुरू होतात, जणू पप्पांनाच हाक मारलीय. हे शपथपत्र करून मिटलं. त्यात फार काही सांगण्यासारखं नाही, स्टॅम्प पेपर आणि नोटरीच्या दारात एक दुपार.

सगळ्यात मोठी चूक मी स्वतः केली होती आणि ती करताना मला ती चूक वाटलीही नव्हती. ऑनलाइन फॉर्ममध्ये एक प्रश्न होता: तू कधी कुठल्या कॉलेजात पूर्णवेळ शिकली आहेस का? मी अकरावी-बारावी ज्युनिअर कॉलेजात करतेय. गळ्यात कॉलेजचं आयकार्ड. उत्तर: हो. वर कॉलेजचं नाव लिहिलं, त्यात 'ज्युनिअर कॉलेज' हे शब्द. झालं! अमेरिकेत ज्युनिअर कॉलेज म्हणजे बारावीनंतरचं दोन वर्षांचं कॉलेज. तिथून विद्यापीठात येणारा खेळाडू ट्रान्सफर धरला जातो आणि त्याचे नियम वेगळे. एवढंच असतं तरी निभावलं असतं. पण डिव्हिजन वनमध्ये खेळाडूला पाच वर्षांत चार सीझन खेळायला मिळतात आणि ते पाच वर्षांचं घड्याळ कॉलेजात पूर्णवेळ प्रवेश घेतल्या दिवशी सुरू होतं. माझ्या त्या 'हो'मुळे माझं घड्याळ वयाच्या सोळाव्या वर्षी साताऱ्यात सुरू झालं होतं. विमानात बसायच्या आधीच पाचातली दोन वर्षं खर्ची.

विद्यापीठाच्या कंप्लायन्स ऑफिसातल्या बाईंनी, म्हणजे नियम पाळले जातात की नाही हे बघणाऱ्या विभागातल्या, हे पकडलं. त्यांनी मला व्हिडिओ कॉलवर विचारलं, तू पदवीचा अभ्यास करतेस का? मी म्हटलं, नाही, बारावी. मग कॉलेजात का जातेस? मी म्हटलं, कारण बारावी कॉलेजातच असते. त्या बऱ्याच वेळ गप्प होत्या. शेवटी म्हणाल्या, तुमच्या प्राचार्यांकडून एक पत्र आण: ही संस्था अकरावी आणि बारावीपुरती शाळेच्या पातळीची आहे, राज्य शिक्षण मंडळाच्या अखत्यारीत येते आणि इथे पदवीचं शिक्षण दिलं जात नाही.

आता हे पत्र आमच्या प्राचार्यांकडून आणायचं. सर चांगले होते. मी विभागात पहिली आले तेव्हा बोर्डावर माझं नाव त्यांनी स्वतः खडूने लिहिलं होतं. मी सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"म्हणजे आमचं कॉलेज हे कॉलेज नाही, असं मी माझ्या सहीने लिहून देऊ?"

"सर, ज्युनिअरचं फक्त."

"अगं, पण सीनियरही इथंच आहे. बीकॉम, एमकॉम आहे. वरच्या मजल्यावर रिसर्च सेंटर आहे."

वरच्या मजल्यावरचं रिसर्च सेंटर पत्रात आलं असतं तर माझं करिअर तिथेच संपलं असतं. पप्पा माझ्यासोबत आले होते. ते म्हणाले, "सर, पोस्टातपण एकाच बिल्डिंगीत बँक असती आणि टपाल असतं. खिडकी वेगळी." सरांना ते पटलं. दोन दिवसांनी पत्र मिळालं. त्यात ज्युनिअर विभागाची खिडकी वेगळी असल्याचं प्रशासकीय भाषेत नीट मांडलेलं होतं. शेवटी सरांनी एक वाक्य आपल्या मनाचं घातलंच, की संस्था जिल्ह्यात नावाजलेली आहे. राहू दिलं.

अकरावीच्या मार्कलिस्टचं प्रकरण मी आजवर फारशा लोकांना सांगितलेलं नाही. अकरावीचा निकाल बोर्डाचा नसतो, कॉलेजचा असतो. मला मिळालेली मार्कलिस्ट म्हणजे एका पानाची छापील पट्टी. गणितात शंभरपैकी अडतीस. पस्तीसला पास. त्या वर्षी मी पन्नासेक दिवस बाहेर होते, शिबिरं आणि स्पर्धा. अडतीससुद्धा मिळाले याचं मला कौतुक होतं. एलिजिबिलिटी सेंटरला संस्थेच्या शिक्क्याची प्रत बंद पाकिटात हवी होती, पाकिटाच्या तोंडावर सही-शिक्का. ऑफिसातल्या काकांनी निकालपत्रकाचं रजिस्टर काढलं, बोट फिरवत माझ्या ओळीवर आणलं आणि मान हलवली.

"अमेरिकेला जायचं आन् अडतीस? बरं दिसत नाही पोरी." मग हळू आवाजात, "नवीन प्रत टाइप करायचीच हाय. अडुसष्ट टाकतो. कोण येतंय बघायला?"

त्या माणसाने माझ्याकडे एक पैसा मागितला नाही. मागणारही नव्हता. माझ्या राज्य स्पर्धेच्या वेळी हजेरीचं त्यानेच सांभाळून घेतलं होतं, परीक्षेची तारीख त्यानेच मागेपुढे करून दिली होती. त्याच्या दृष्टीने हे त्याच मालिकेतलं पुढचं काम. आपल्याकडे खेळाडूला सगळे असंच सांभाळून घेतात. सर, बाई, क्लार्क, परीक्षक, सगळे. दहावी-बारावीला क्रीडा गुण मिळतात ते तर सरकारी नियमाने. माझी मैत्रीण साताऱ्यातच बीएला आहे आणि शिवाजी विद्यापीठाकडून आंतरविद्यापीठ स्पर्धेला पळते. बोनाफाईड, वयाचा दाखला आणि प्राचार्यांच्या सहीचा पात्रता अर्ज दिला की ती संघात. मागच्या सत्रात किती विषय राहिले, हे तिला निवड समितीने कधी विचारलेलं नाही.

मी अडुसष्टला नाही म्हटलं. पण ते तत्त्वाने म्हटलं असं मी सांगणार नाही. अडतीसच्या मार्कलिस्टचा फोटो मी डिसेंबरमध्येच कोचना व्हॉट्सॲपवर पाठवून बसले होते. तो गेला नसता तर मी काय केलं असतं, हे मला नक्की माहीत नाही. तिथे गेल्यावर कळलं की एक खोटी मार्कलिस्ट म्हणजे खेळणं बंद आणि विद्यापीठातूनही गच्छंती. आणि गंमत म्हणजे अडतीस चालले. पास म्हणजे एक पूर्ण विषय. सोळात तो धरला गेला. काका मात्र नाराज झाले. पाकिटावर सही करताना म्हणाले, "बघ बुवा, मी म्हटलं होतं."

पाकिटं पप्पांनीच त्यांच्या काउंटरवर बुक केली. वजन केलं, बारकोड चिकटवला, पावती फाडली आणि ती नेहमीच्या गिऱ्हाइकाला देतात तशी माझ्या हातात दिली. मग ती परत घेऊन स्वतःच्या खिशात ठेवली.

शैक्षणिक पात्रतेबरोबर आणखी एक चौकशी असते, हौशीपणाची. म्हणजे तू खेळून पैसे कमावलेस का. आमच्या भागात गावच्या यात्रेला, कुणाच्या वाढदिवसाला, पतसंस्थेच्या वर्धापनदिनाला 'भव्य खुली मॅरेथॉन' असते. अंतर पाच किलोमीटर, पण नाव मॅरेथॉनच. महिला गटात पहिलं बक्षीस दोन हजार, तीन हजार, ढाल आणि नारळ. मी अशा किती पळाले ते मलाच मोजावं लागलं. नियम असा होता की प्रवेशाआधी मिळालेलं बक्षीस त्या स्पर्धेला जायच्या खऱ्या खर्चापेक्षा जास्त नसावं. मी आणि पप्पा जेवणानंतर वही घेऊन बसलो. पेट्रोल किती, प्रवेश फी किती, सरांना आणि आम्हाला मिसळ किती. बहुतेक ठिकाणी बक्षीस आणि खर्च जुळले, कारण लांबच्या स्पर्धेला आम्ही मुक्कामी जायचो. एका जागी फसलं. बक्षीस पाच हजार एक रुपये, खर्च सातशे.

कंप्लायन्सच्या बाईंचा पहिला प्रश्न होता: हा वरचा एक रुपया कशाचा? मी सांगितलं, शुभ असतो. त्यांनी ते लिहून घेतलं. लिहून का घेतलं कोण जाणे. निर्णय आला तो असा की खर्चावरचे चार हजार तीनशे एक रुपये कुठल्यातरी धर्मादाय संस्थेला द्यायचे आणि पावती जोडायची. साताऱ्यातल्याच एका संस्थेला दिले. आईचं म्हणणं होतं की पाच हजार एक पूर्णच देऊन टाका, बक्षिसाचा रुपया मोडू नये. नियमात बसेल तेवढेच दिले.

बारावीचा निकाल २५ मे २०२३ ला लागला, मूळ मार्कलिस्टा जूनमध्ये हातात आल्या. व्हिसाच्या मुलाखतीला बीकेसीत दोन मिनिटं लागली, रांगेत तीन तास. ऑगस्टमध्ये मी पोचले तेव्हा अंतिम दाखला आलेला नव्हता. दहावीला परीक्षा न होता निकाल कसा लागला याचा बोर्डाचा कागद त्यांनी मागितला होता. अशा वेळी संघात घेतलेल्या खेळाडूला पंचेचाळीस दिवस सराव करता येतो. स्पर्धा नाही. सेहेचाळिसाव्या दिवशी दाखला नसेल तर सरावही बंद.

हे पंचेचाळीस दिवस मी मोजले, बोटांवर, खोलीच्या भिंतीवर, पळताना. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात क्रॉस कंट्रीची पहिली शर्यत झाली. गोल्फच्या मैदानावर, कापलेल्या हिरवळीवर. यवतेश्वरच्या घाटात दगड चुकवत पळलेल्या पायांना ती हिरवळ बघून रडू येत होतं. संघातल्या मुलींचे स्वेटशर्ट हातात घेऊन मी दोरीच्या अलीकडे उभी. शर्यत सुटली आणि माझे पाय आपोआप दोन पावलं पुढे गेले. कोच शेजारी होत्या, त्यांनी पाहिलं आणि काही बोलल्या नाहीत. घरी फोन केला तेव्हा आईने विचारलं, कितवी आलीस. मी म्हटलं, आज खेळले नाही, पाय दुखत होता. पात्रता म्हणजे काय हे तिला पुन्हा सांगायची ताकद नव्हती.

अडतिसाव्या दिवशी दाखला आला. आकडा तोच, अडतीस. त्याला मी नवस फेडल्यासारखे हात जोडले.

वाटलं, सुटले. पण ती प्रवेशाची पात्रता होती. इथे ती दर सत्राला नव्याने मिळवायची असते. पूर्णवेळ म्हणजे सत्राला किमान बारा क्रेडिट (क्रेडिट म्हणजे विषयाचं वजन, साधारण एका विषयाला तीन). एखादा विषय सोडून बाराच्या खाली आलात की त्या क्षणी सराव बंद, स्पर्धा बंद, आणि माझ्यासारख्यांचा व्हिसाही धोक्यात. प्रत्येक सत्रात किमान सहा क्रेडिट पास, वर्षाला अठरा, दुसरं वर्ष सुरू व्हायच्या आत चोवीस. पहिल्या सत्रात माझे तेरा होते आणि त्यात कॉलेज अल्जेब्रा. तेच ते बीजगणित. ऑक्टोबरात पहिल्या चाचणीत इतके कमी पडले की विषय सोडायचा फॉर्म मी भरून ठेवला. ॲथलेटिक्स विभागातल्या शैक्षणिक सल्लागाराने फॉर्म बघितला, तेरातून तीन वजा केले आणि कागद उलटा माझ्याकडे सरकवला. दहा. मी विषय ठेवला.

ट्यूटर मिळाला, फुकट. पहिल्याच दिवशी त्याने सांगितलं की मी तुझ्या वहीत पेन टेकवणार नाही. तुझ्या निबंधातलं एक वाक्यही सुधारणार नाही, कुठे चुकतंय ते विचारीन फक्त. मला तो भयंकर तुसडा वाटला. नंतर कळलं, खेळाडूचं एक वाक्य ट्यूटरने लिहिलं तर दोघांचीही चौकशी लागते. इथे सांभाळून घेणं हाच गुन्हा. मला या शब्दाचं इंग्रजी अजून सापडलेलं नाही. मी रूममेटला समजावायचा प्रयत्न केला तेव्हा ती म्हणाली, म्हणजे फसवणूक? मी म्हटलं, नाही गं, माया. अल्जेब्रात शेवटी सी मिळाला.

आणि वेळेचा हिशेब. सीझनमध्ये आठवड्याला वीस तास, दिवसाला चार, याच्या वर कोच सराव घेऊ शकत नाही. आठवड्यातून एक दिवस सुट्टी. ऐकायला छान. पण शर्यतीचा अख्खा दिवस तीन तास धरतात आणि बसचा आठ तासांचा प्रवास शून्य. शिवाय लांब पल्ल्याच्या धावपटूला सीझन संपतच नाही. शरदात क्रॉस कंट्री, हिवाळ्यात इनडोअर, वसंतात आउटडोअर. फुटबॉलवाले निदान डिसेंबरनंतर माणसात येतात. तासांच्या तक्त्यावर दर आठवड्याला आमची सही लागते. मी ती करते, आणि बसमध्ये गुडघ्यावर लॅपटॉप ठेवून केलेले तास कुठल्याच तक्त्यात नसतात.

खरी कसोटी दुसऱ्या वर्षाअखेरी आली. तिसरं वर्ष सुरू होण्याआधी मुख्य विषय जाहीर करावा लागतो आणि त्या पदवीसाठी लागणाऱ्या क्रेडिटपैकी चाळीस टक्के हातात असावे लागतात. आमची पदवी एकशेवीस क्रेडिटची, म्हणजे अठ्ठेचाळीस. मी व्यायामशास्त्र घेतलं होतं, कारण खेळाडू तेच घेतात, जसं आमच्याकडे एसपी. दोन वर्षांत कळलं की मला स्नायूंची लॅटिन नावं पाठ होत नाहीत, आणि ज्या बुक-कीपिंगला एनसीएएने मोजलं नव्हतं ते मला येतं, आवडतंही. अकाउंटिंगला बदलायचं ठरवलं. माझे एकूण क्रेडिट एक्कावन्न. नव्या पदवीला त्यातले चव्वेचाळीसच लागू. चार कमी. सल्लागार म्हणाला, व्यायामशास्त्रात राहिलीस तर आजच पात्र आहेस. तो चुकीचं सांगत नव्हता. कितीतरी खेळाडू पात्र राहायला सोपी म्हणून नको ती पदवी घेऊन बाहेर पडतात. हे मला या सगळ्या व्यवस्थेतलं सगळ्यात वाईट वाटतं, ट्यूटरच्या पेनापेक्षाही.

मी उन्हाळ्यात दोन ऑनलाइन विषय घेतले. तीन अधिक तीन. सुट्टीला साताऱ्यात आले होते. अमेरिकेतली सकाळ म्हणजे साताऱ्यातली रात्र, साडेदहा तासांचा फरक. रात्री साडेआठला गच्चीवर लॅपटॉप, शेजारी ओडोमास, खाली पप्पांच्या बातम्या. पावसाळा सुरू झाला तसं जिन्यात बसायला लागले. लाइट गेली की पप्पा मोबाइलचा हॉटस्पॉट धरून वरच्या पायरीवर उभे राहायचे. मला वाटायचं ते उंचीवर रेंज शोधतायत. आईने नंतर सांगितलं की ते लेक्चर ऐकत होते. घसाऱ्याच्या नोंदीवर त्यांनी मला एकदा दुरुस्तही केलं. ते नियमात बसतं का, हे मी कुणाला विचारलेलं नाही.

चव्वेचाळीस अधिक सहा, पन्नास.

आता तिसऱ्या वर्षाचं दुसरं सत्र चालू आहे. हातात त्रेसष्ट आहेत, या सत्राचे बारा धरले तर पंचाहत्तर. चौथं वर्ष सुरू व्हायला साठ टक्के लागतात, म्हणजे बहात्तर. एक विषय उडाला तरी काठावर आहे, दोन उडाले तर दोरीच्या अलीकडे स्वेटशर्ट धरून. गुरुवारी कॉस्टिंगचा पेपर आहे आणि त्याच दिवशी आम्ही मीटसाठी प्रवासात. प्राध्यापकांनी परवानगी दिलीय. पेपर बंद पाकिटात सहायक कोचकडे येईल, हॉटेलच्या नाश्त्याच्या खोलीत त्यांच्यासमोर बसून सोडवायचा, पाकिटाच्या तोंडावर त्यांची सही. शुक्रवारी संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी पाच हजार मीटर.